उंबऱ्यापर्यंतची हाक

मानपाडा, डोंबिवली पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

ऋजुतावहिनी,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखलं असेलच. कॉलेजात सगळी जर्नल्स माझीच बघून उतरवलीत तुम्ही. फोनवर मला ब्लॉक केलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोस्टाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. पत्ता साकेतने दिला. भावावर रागावू नका. मी त्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसले आणि पत्ता मिळेपर्यंत उठणार नाही म्हटलं. माझं तोंड बघून गिऱ्हाईक परत जायला लागलं, तेव्हा त्याने लिहून दिला.

दिवाळीत त्याच्याच फोनवरून तुम्ही आईला सान्वीशी बोलू दिलंत, त्याचे आभार राहिले होते. आई तिला "काय करतंस गो बाय?" विचारत राहिली आणि सान्वी फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून स्क्रीनवरून निघून गेली. आईने मला विचारलं, "काय बोलली गो?" मी म्हटलं, "बरी आहे म्हणाली." वहिनी, मला एक अक्षर कळलं नव्हतं. निम्म्या मानपाड्याच्या पोरांना इंग्रजी शिकवणारी मी, आणि सख्ख्या भाचीचं एक वाक्य मला आईपर्यंत पोचवता आलं नाही. तेव्हापासून फ्रेंच शिकतेय. दर रविवारी ठाण्याला, नौपाड्यात क्लास असतो. वर्गात सगळी पंचविशीची मुलं, कॅनडाला जायला निघालेली. पहिल्या दिवशी मला बघून मितेश नावाचा मुलगा उठून उभाच राहिला. त्याला वाटलं मॅडम आल्या.

सोबत सान्वीसाठी एक छोटं पत्र आहे, फ्रेंचमध्ये. माझं पहिलंच. चुका असतील तर तिला हसू द्या, पण वाचायला द्या.

आता मुख्य गोष्ट. दादा गेल्यावर तुम्ही त्याचा कलश घेऊन आमच्या दारात उभ्या राहिलात आणि आई म्हणाली, "यात माजा नयन नाय. तू त्याला हाक नाय मारलीस." तुम्ही आल्या पावली कलश घेऊन परत गेलात, सान्वीला कडेवर घेऊन. तेव्हापासून आपलं बोलणं तुटलं. आई बोलू नये ते बोलली, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण ती हाक म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही, नुसतं अंगावर टाकलं. ते आज सांगते.

आमच्या घरात माणूस घराबाहेर गेला तर त्याला घरी आणावं लागतं. नुसतं शरीर किंवा राख आणून भागत नाही. तो जिथे पडला तिथे आपल्यातल्या कुणीतरी उभं राहून म्हणायचं, "चल रे, घरी चल." मग पुढे चालायला लागायचं, मागे वळून बघायचं नाही, आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक पुलाला त्याला सांगत यायचं. आता डावीकडे वळतोय, आता खाडी आली, आता आपली आळी आली. थेट उंबऱ्यापर्यंत. नाहीतर तो मध्येच कुठेतरी वाट चुकून उभा राहतो. आजोबा मिठागरात गेले, त्यांना बांधाबांधाने असंच आणलं होतं. आमचे बाबा ठाण्याच्या इस्पितळात गेले, त्यांना दादाने आणलं. दादा तेव्हा इंजिनिअरिंगला होता, असल्या गोष्टींना हसणारा. पण ॲम्ब्युलन्समध्ये पुढे बसून खिडकीतून सांगत होता, "बाबा, मुंब्र्याचा बायपास आला. बाबा, शीळफाटा आला." काटई नाक्याला गाड्या तुंबल्या होत्या, तर म्हणाला, "बाबा, थांब जरा, ट्रॅफिक आहे." ड्रायव्हरने त्याच्याकडे असं काही बघितलं की मला रडता रडता हसू आलं.

दादासाठी हे कुणी केलं नाही. तुम्हाला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तुमच्याकडे बोट दाखवत नाही. पण आई अजून दाराला आतून कडी लावत नाही. दादाने जन्मात कधी बेल वाजवली नाही, फाटकाची कडी दोनदा आपटायचा, आठवतं ना? ती कडी तिला ऐकू येते. तो फाटकापर्यंत येतो, आत कसं यायचं ते न कळून परत जातो, असं तिचं म्हणणं. ती उठते, फाटकाशी जाते, बघते, परत येते. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, चालवू नका. ती कुणाचं ऐकते? तिला एकच भीती आहे. तिचं काही झालं तर फाटकाशी त्याला ओळखायला कोणी उरणार नाही.

माझा यावर विश्वास नाही. मी आईसाठी विचारतेय. तुम्ही तेव्हा "हॉस्पिटलमध्ये गेला" एवढंच म्हणालात. आई म्हणते, नाही, तो त्याआधीच कुठेतरी पडला. ती जागा कुठली, एवढं कळवा. दुसरं काही मागत नाही.

आपली,
दर्शना

ग्रनोब्ल, फ्रान्स
३ मार्च २०२५

दर्शना,

पत्र मिळालं. सान्वीने तिचं पत्र वाचलं आणि मला विचारलं, "ही बाई कोण? शाळेच्या ऑफिसातली का?"

तू तिला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत "वू", म्हणजे "आपण", म्हटलं आहेस. सात वर्षांच्या मुलीला. मराठीत सांगायचं तर "आदरणीय सान्वी, आपली प्रकृती कशी आहे, आपणांस आमचे स्मरण आहे काय" असं काहीतरी ते वाटत होतं. मी खूप दिवसांनी हसले.

जागेबद्दल मला लिहिता येणार नाही. मी हॉस्पिटल सांगितलं होतं, तेच आईंना सांग.

ऋजुता

मानपाडा
२३ मार्च २०२५

ऋजुता,

तुझं कार्ड नुसत्या "दर्शना"ने सुरू झालं, म्हणून मीही वहिनी सोडून देते. तीन वर्षं मनातल्या मनात तुझ्याशी भांडताना मी तुला "तू"च म्हणत होते. पत्र लिहायला बसले आणि तुम्ही-आपण सुरू झालं.

तुझं कार्ड मी क्लासमध्ये नेलं. आमच्या रचना मॅडम वाचून इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. माझं म्हणणं एवढंच होतं की मी पुस्तकाप्रमाणे केलं. पुस्तक इंग्लंडचं. त्यात लिहिलंय, इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक समजायला जड जातो, कारण त्यांच्याकडे सगळ्यांना एकच "यू". तर शंका असेल तिथे सरळ "वू" वापरा, कुणाचा अपमान होणार नाही. मला शंका होती. जिला मी तीन वर्षं बघितलं नाही, जिला मी आठवते की नाही ठाऊक नाही, त्या मुलीला "तू" म्हणायचा मला हक्क उरलाय का, हीच शंका होती.

मॅडम म्हणाल्या, "दर्शनाताई, तुम्ही आधी इंग्रजीत विचार करता आणि मग अडता. समोर असती तर भाचीला काय म्हणाला असतात?"

"तू."

"मग तेच लिहायचं. आपल्याला हे आईच्या पोटातून येतं, ते इंग्रजांच्या पुस्तकातून कशाला शिकता?"

मितेशला असले घोळ आवडत नाहीत. "मॅडम, सिंपल सांगा ना. बॉसला वू, भाऊला त्यू, राइट? मग टपरीवाल्याला?"

"वू."

"काय सांगता. आणि देवाला?"

"देवाला त्यू. आपल्यासारखंच."

मी विचारलं, "आणि गेलेल्या माणसाला?" मॅडमनी माझ्याकडे बघून सांगितलं, "तो होता तेव्हा जे म्हणत होतात, तेच."

येताना रिक्षात मला तू आठवलीस, लग्न होऊन आलीस तेव्हाची. आईला "अहो आई, तुम्ही" म्हणायचीस. तुमच्या घरची रीतच ती. आमच्याकडे बापालाही तू आणि सासूलाही तू. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, सून शिकलेली हाय, मान देते. आणि आत येऊन मला म्हणायची, "ती मना पावनी असल्यासारी बोलते." तू मान देत राहिलीस आणि ती पाहुणी होत राहिली. दोघींनाही एकमेकींचं कधी कुणी सांगितलं नाही. मला दोन्हीकडचं कळत होतं आणि मला त्यात गंमत वाटायची.

सान्वीला नवीन पत्र पाठवतेय. यात शेवटपर्यंत त्यू आहे, मॅडमकडून तपासून घेतलंय. त्यात दादा लहानपणी पेंढ्याच्या गंजीवरून आपल्याच म्हशीच्या पाठीवर कसा पडला ते लिहिलंय. आता ती जागाही नाही आणि म्हैसही नाही, तिथे बावीस मजली टॉवर आहे, पण गोष्ट खरी आहे.

आई फाटकाला टेकून बसायला लागलीय, उठायचे श्रम वाचतात म्हणते. परवा दुपारी ती आत झोपली असताना कडी वाजली. वारा असेल. मी वरून विचारलं, "कोण आहे?" कोणी नव्हतं. हे तिला सांगितलेलं नाही.

जागा सांग ग.

दर्शना

ग्रनोब्ल
१५ जून २०२५

दर्शना,

तुझी पत्रं टेबलावर पडून आहेत. उत्तर लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते.

म्हशीची गोष्ट सान्वीला फार आवडली. ते पत्र ती दप्तरात घेऊन फिरते.

तू जागा विचारलीस. आमच्या घराजवळ नदीवर एक पूल आहे, फक्त चालणाऱ्यांसाठी. नयन रोज सान्वीला त्यावरून बालवाडीत सोडायला जायचा. त्या दिवशी पुलाच्या मध्यावर तो कठड्याला टेकून खाली बसला. मी ऑफिसात होते. हॉस्पिटलमध्ये नेलं, पण पोचायच्या आधीच तो गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही लगेच विचारलं असतं, त्याच्याजवळ कोण होतं? त्याच्याजवळ सान्वी होती. चार वर्षांची. ते मला बोलवत नव्हतं.

तिथून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने फोन केला. पुढे ती मला भेटायला घरी आली. तिने विचारलं, "चल म्हणजे काय?" म्हणाली, "मुलगी त्याचा हात ओढत सारखी तेच म्हणत होती. चल, चल. आम्ही तिला नाव विचारत होतो, आई कुठे आहे विचारत होतो. ती आमच्याशीही तिच्याच भाषेत बोलत होती. आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं." मी तिला अर्थ सांगितला. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली.

त्यानंतर सान्वी मराठी बोललेली नाही. सगळं कळतं तिला, पण उत्तर फ्रेंचमध्ये. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, मागे लागू नका. मी कलश घेऊन आले तेव्हा ती माझ्या कडेवर गप्प होती आणि आईंना वाटलं, मी मुलीची भाषा तोडली. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं ते. मला तेव्हा समजावून सांगायची ताकद नव्हती.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. पण तुझं पहिलं पत्र आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही दोघी अजून रोज त्याच पुलावरून जातो. मध्यावर आलं की सान्वी सावकाश चालते आणि आत सरकते, माझ्या अंगाला लागून. कठड्याकडची जागा मोकळी सोडते. का, असं मी तिला कधी विचारलं नाही. मीसुद्धा तशीच चालते.

आईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव.

ऋजुता

मानपाडा
२० जुलै २०२५

ऋजुता,

आईला सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. "चल" आलं तिथे तिचा हात थांबला. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग तिने सूप बाजूला सारलं. मला वाटलं तिला त्रास होतोय, मी गोळी आणायला उठले, तर तिने माझा हात धरला.

"म्हंजे हाक मारली गो. पोरीनं मारली."

मी म्हटलं, "हो आई."

"पोरगी हात वढते न बाप उठनार नाय? उठला असंल तो. पुढची वाट सांगाया कोन नव्हता. म्हनून आर्ध्यात हाय."

आणि मग म्हणाली, "ऋजूला लिव. मी वंगाल बोलली तिला. तिच्या पोरीनं जा केला ता मना नाय जमला असता." जसं बोलली तसं लिहिलंय, नीटनेटकं केलं नाही. तीन वर्षांत ती पहिल्यांदा तुला ऋजू म्हणाली.

आता मी जे मागणार आहे ते तुला वेडेपणाचं वाटेल. सान्वीला घेऊन येशील? हाक सुरू झालेली आहे, ती फक्त उंबऱ्यापर्यंत आणायची आहे. पुलावरून निघायचं, मागे बघायचं नाही, वाट सांगत यायचं. आईला मी विचारलं, विमानात काय करायचं? म्हणाली, "इमानात वळना कुठं असतात? बसला का झोप बोलाचा त्याला." हे तिने अगदी गंभीरपणे सांगितलं. मग विचारलं, "पोरगी तिच्या भाषेत बोलंल. त्याला समजंल का?" मी म्हटलं, "दादाला फ्रेंच येत होतं, आई." "मग झाला. पन परक्यासारी हाक मारू नको सांग तिला. परक्याच्या हाकेला मानूस पाय नाय उचलत." मी तिला वचन दिलं की सान्वी तसं करणार नाही. सात वर्षांच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे सिद्धच झालंय.

आणि एक. तुला खोटं लिहिलं होतं. आईसाठी विचारतेय, माझा विश्वास नाही, असं. कडी मलाही ऐकू येते. मार्चमध्ये पहिल्यांदा नाही, त्याच्या खूप आधीपासून. दोनदा, त्याच्याच हाताची. मी शिकवणी घेत असले तर पोरांचं वाक्य मध्येच तोडून खिडकीशी जाते, पोरांना वाटतं मॅडम कुरिअरची वाट बघतायत. त्या दुपारी मी वरून विचारलं, "कोण आहे?" ऋजुता, सख्ख्या भावाला कुणी कोण आहे विचारतं का? ते तोंडातून निघून गेलं आणि मग फाटकाशी जे होतं ते निघून गेलं, असं मला वाटलं. त्यानंतर मी "ये" म्हणायची तयारी करून बसते, पण आवाज झाला की जीभ उचलत नाही. मला भीती वाटते. तो येईल याची वाटते की येणार नाही याची, ते सांगता येत नाही.

ये ग. आईकडे फार वेळ नाही.

दर्शना

ग्रनोब्ल
२८ सप्टेंबर २०२५

दर्शना,

ऑक्टोबरच्या शेवटी इथे शाळांना सुट्टी असते, मृतांच्या सणाची. तिकिटं काढली आहेत. कलश आणतेय.

सान्वीला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, हाक मी मारणार, ममा, तू फक्त रस्ता दाखव. मग तिने विचारलं, बाबाला खिडकीजवळची सीट लागेल का?

मी अजूनही मानत नाही. पण त्या पुलावरून तिला एकटीला पुढे चालू देईन, मी मागे कलश घेऊन असेन. मागे बघायचं नाही हे तिला सांगितलंय. मला स्वतःला जमेल का, माहीत नाही.

ऋजुता

मानपाडा
१६ नोव्हेंबर २०२५

ऋजू,

तुम्ही दोघी सुखरूप पोचलात, सान्वीचा निरोप मिळाला. "तांत दर्शना, त्यू मे मांक" असं म्हणाली. दर्शनाआत्या, तुझी आठवण येते, एवढं मी कुणालाही न विचारता आईला सांगितलं आणि या वेळी ते खरं होतं.

तू इथे होतीस, तरी तुला दिसलं नाही ते सांगायला लिहितेय.

कमलेश तुम्हाला एअरपोर्टवर घ्यायला आला होता. माझा नवरा अबोल, पण घरी आल्यावर त्याने मला सगळं सांगितलं. ऐरोलीच्या पुलावर सान्वीने खिडकीची काच खाली केली आणि बाबाला पूल दाखवला. शीळफाट्याला तू तिला नाव सांगितलंस आणि तिने ते म्हणायचा चार-पाच वेळा प्रयत्न केला. काटई नाक्याला गाड्या तुंबल्या, तेव्हा ती बाहेर काहीतरी बोलली आणि कमलेशने विचारलं, काय म्हणते? तू म्हणालीस, "थांब म्हणतेय त्याला. गर्दी आहे." कमलेशने टायरमधली हवा बघायचं निमित्त करून गाडी कडेला घेतली. हवा ठीक होती. तू काही विचारलं नाहीस याबद्दल त्याला तुझं कौतुक आहे.

आई सकाळपासून उंबऱ्याच्या आत उभी होती. बस म्हटलं तर ऐकेना. तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा हातात. मी तिच्या मागे, ती पडली तर धरायला. आम्हाला गाडीचा आवाज आला आणि मग फाटकाची कडी. दोनदा.

ऋजू, मला वाटलं सान्वीने वाजवली. तुला वाटलं कमलेशने, हे तू मला नंतर म्हणालीस. कमलेशच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या. दुसऱ्या दिवशी मी सान्वीला विचारलं. ती म्हणाली, मी नाही, फाटक तर उघडंच होतं.

सान्वी अंगणातून सरळ चालत आली, मान ताठ, मागे न बघता. तू तिच्यामागे कलश घेऊन. तू खाली बघत होतीस म्हणून तुला आईचा चेहरा दिसला नाही. पोरगी उंबऱ्याशी थांबली, तिने आजीकडे बघितलं आणि मग हळूच, अगदी घरातल्या घरात बोलावं तसं म्हणाली, "पापा, त्यू व्यँ?"

आईने मान न वळवता मला विचारलं, "काय बोलते गो?"

"येतोस का, म्हणते."

"परक्यासारी नाय ना?"

"नाही आई. तू म्हणतेय त्याला."

आईने भाकर-पाणी ओवाळून टाकलं आणि ती बाजूला सरकली. सान्वी आत आली. तू आत आलीस. तुला वाटलं असेल, आई रडायला लागली म्हणून तशीच भिंतीला टेकून उभी आहे. ती रडत नव्हती. तुम्ही दोघी आत आल्यावरही ती दार अडवत नव्हती, अजून एक माणूस जाईल एवढी जागा तिने सोडली होती. कठड्याकडची जागा तू लिहिली होतीस ना, तशीच. मग तिने दार लोटलं आणि आतून कडी लावली. तीन वर्षं न लावलेली कडी गंजली होती, तिला जोर लावावा लागला. "आयला गो," आला ग, एवढंच म्हणाली. मग तुझ्या हातातून कलश घेतला आणि देवापुढे ठेवला.

त्याच संध्याकाळी तू तिला "आई, तू बस, चहा मी करते" म्हणालीस. तुझ्या ते लक्षातही आलं नसेल. आईच्या आलं. मला डोळ्यांनी खुणावून दाखवलं तिने.

कलश आपण शहाडला उल्हास नदीत सोडला, ते तू पाहिलंसच. आई आता फाटकाशी जात नाही. जेवते, दुपारी झोपते, सान्वीच्या फोनची वाट बघते आणि ती फोनवर फ्रेंचमध्ये काय वाट्टेल ते बोलली तरी "हो गो बाय, हो" म्हणते. डॉक्टर म्हणाले, हृदय आहे तसंच आहे, पण माणूस निवांत दिसतोय. मी यासाठीच तुला बोलावलं होतं. जे मागितलं ते सगळं मिळालं.

म्हणून हे तुला सोडून कुणाला सांगता येत नाही. कडी वाजायची थांबली. मी अजूनही शिकवणी घेताना मध्येच गप्प होते, कान देते. बाहेर टॉवरच्या लिफ्टचे, रिक्षांचे, पोरांचे सगळे आवाज येतात. काल तर मी स्वतः खाली गेले आणि फाटकाशी उभी राहून "ये" म्हणाले, आता जीभ उचलते. कुणीच नव्हतं. आई दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली.

"कोनाला बोलावतेस गो? तो आयला ना."

आला, हे खरं आहे. आणि आला म्हणजे, ऋजू, आता तो यायचा नाही.

तुझी,
दर्शना